गणिताचं उत्तर मॅन्युअलमध्ये छापायचं कसं? टर्मिनल, विंडो, फोन आणि स्क्रीन रीडर

मांजराकाठ (धागाकर्ता)

मंडळी नमस्कार. लातूर जिल्ह्यातल्या एका कॉलेजात बीएस्सीच्या लेकरांना गणित शिकवतो. दोन वर्षांपासून प्रॅक्टिकलला मॅक्सिमा, म्हणजे क्ष-य सकट अक्षरांतलं गणित सोडवणारं सॉफ्टवेअर, घेतोय. फुकट आहे, जुन्या मशीनवर चालतं, नेट गेलं तरी अडत नाही. त्यासाठी मराठीत एक मार्गदर्शिका लिहायला घेतली. चाळीसेक पानं झाली आणि आता गाडी एकाच प्रश्नावर अडलीय.

आमच्या लॅबमध्ये निम्म्या मशीनवर नुसतं टर्मिनल आहे, म्हणजे फक्त अक्षरं दाखवणारा साधा पडदा. उरलेल्यांवर डब्ल्यूएक्समॅक्सिमा आहे, म्हणजे खिडकीत पुस्तकासारखी सुबक मांडणी दिसते. घरी गेल्यावर लेकरं फोनवरचं ॲप उघडतात. आज्ञा एकच, उत्तरही एकच, पण तीन ठिकाणी तीन रूपं. मार्गदर्शिकेत मी टर्मिनलचं रूप छापलं होतं, कारण मूळ इंग्रजी मॅन्युअलमधली बरीचशी उदाहरणं तशीच आहेत. त्यातून काय झालं ते सांगतो.

टर्मिनलवर एक उत्तर असं दिसतं (इथे सगळं देवनागरीत लिहितोय, मशीनवर अर्थातच रोमन अक्षरं):

        २
      क्ष  + ३ क्ष + १
      ---------------
          क्ष - २

वरच्या ओळीतला २ हा क्ष चा घात आहे. हे पान मी कॉपी करून वर्गाच्या ग्रुपवर टाकलं. फोनवर पोचेपर्यंत ओळीच्या सुरुवातीच्या मोकळ्या जागा गेल्या आणि ते असं दिसलं:

२
क्ष + ३ क्ष + १
---------------
क्ष - २

दुसऱ्या दिवशी सात वह्यांमध्ये अंशाच्या जागी "२ क्ष + ३ क्ष + १" होतं. दोघांनी तर बेरीज करून ५ क्ष + १ असं सोपंही करून टाकलं होतं. क्ष = ३ ठेवा. खरं उत्तर १९ येतं, त्यांचं १६ आलं. लेकरांचा काडीचाही दोष नाही. जे दिसलं ते त्यांनी नीट उतरवून घेतलं. चूक माझ्या पानाची. मला सगळ्यात लागलं ते हे, की उत्तर चुकीचं होतं पण चुकीचं *दिसत* नव्हतं. अक्षरं फुटून कचरा झाला असता तर कुणीतरी हात वर केला असता.

तर विचारतो. मॅन्युअलमध्ये गणिती उत्तर कोणत्या रूपात छापावं? प्रत्येक इंटरफेससाठी वेगळं, की सगळ्यांसाठी एकच?

दुधना

चांगला विषय काढलात सर. मी जालन्याचा, संभाजीनगरला वाळूजमध्ये यंत्रांची मॅन्युअलं लिहितो. गणिताची नाहीत, पण प्रश्न ओळखीचा आहे.

माझं मत स्पष्ट आहे. माणूस मॅन्युअल उघडतो तो ताळा करायला. "मी जे केलं ते बरोबर आलं का" एवढंच त्याला बघायचं असतं. पानावर एक आणि पडद्यावर दुसरं दिसलं की नवशिका घाबरतो, आपलंच काहीतरी चुकलं समजतो. म्हणून वापरणाऱ्याला जे दिसतं तेच छापावं. टर्मिनलवाल्याला टर्मिनलचं, खिडकीवाल्याला खिडकीचं. मेहनत दुप्पट होईल, होऊ द्या.

सिंदफणा

मी बीडचा, एमएस्सी दुसरं वर्ष. सर, तुमच्या लेकरांच्या जागी मी होतो तेव्हा वेगळ्याच ठिकाणी अडकलो होतो.

मॅन्युअलात "३ क्ष" असं छापलेलं. मधे नुसती मोकळी जागा. मीबी तसंच टाइप केलं. मॅक्सिमा म्हणतंय, क्ष हा इन्फिक्स ऑपरेटर नाही. इन्फिक्स म्हणजे काय तेच ठाऊक नव्हतं, तर चूक कामून झाली ते काय कळणार? अर्धा तास गेला. टाइप करताना गुणाकाराला फुली-चांदणी द्यावीच लागते, ३*क्ष असं, पण उत्तर सजवून दाखवताना ते चांदणी गाळतंय. म्हणजे जे दिसतं ते परत टाइप करता येत नाही.

दुसरं, ई. माझ्या मशीनवर खिडकीत ई सुंदर तिरप्या अक्षरात दिसायचा. मी ई टाइप केला. मॅक्सिमाला तो साधा अनोळखी चल वाटला, कारण तिथे २.७१८ वाला ई हवा असेल तर %ई लिहावं लागतं. चूक दाखवतबी नाही, गुपचूप पुढे जातं. पायचंबी तसंच, %पाय.

दुधना दादा म्हणतात ते ताळ्यापुरतं पटतं. पण लेकरं नुसता ताळा करत नाहीत, मॅन्युअल बघून टाइप करायलेत.

तेरणा

सिंदफणा, मुद्दा अगदी नेमका पकडलास. थोडं मागे जाऊन सांगतो, म्हणजे हे असं का झालं ते उमगेल.

मॅक्सिमा हे मॅक्सिमा नावानं जन्मलं नाही. १९६८ साली एमआयटीमध्ये मॅक्सिमाची आई म्हणावी अशी मॅकसिमा (Macsyma) प्रणाली सुरू झाली. तेव्हा अक्षरं छापणारं यंत्र किंवा अक्षरं दाखवणारा पडदा एवढंच हाताशी होतं. गणित सुबक छापून देणारं नुथ यांचं टेक्ससुद्धा १९७८ चं. अशा काळात केवळ टंकातली अक्षरं वरखाली रचून अपूर्णांक आणि घात उभे करणं हे फार मोठं काम होतं, आणि त्यांनी ते देखणं केलं. ही रचना एका गृहीतावर उभी आहे: प्रत्येक अक्षर सारख्याच रुंदीचं. ओळीची रुंदीही ठरलेली, ७९ अक्षरं. फोनच्या पडद्यावर ७९ अक्षरं मावत नाहीत आणि देवनागरीत तर अक्षरं सारख्या रुंदीची नसतातच. क्ष आणि र एका घरात बसवून बघा. सरांच्या ग्रुपवर जे झालं ते होणारच होतं.

आता उपाय. मॅक्सिमात डिस्प्ले२डी नावाचा एक चल आहे. तो फॉल्स केला की उत्तर एका ओळीत येतं:

(क्ष^२+३*क्ष+१)/(क्ष-२)

दिसायला रूक्ष आहे, कबूल. पण ही ओळ मोडत नाही. ग्रुपवर टाका, मेलमध्ये टाका, कागदावरून बघून टाइप करा, ती तीच राहते. चांदणी आहे, कंस आहेत, घाताची खूण आहे. आणि मुख्य म्हणजे ती परत मशीनला दिली तर मशीन ती घेतं. सजवलेलं रूपच हवं पण चांदणी दिसू द्यायची असेल, तर स्टारडिस्प ट्रू करा.

एका ओळीचा अजून एक फायदा आहे, तो मॅन्युअल लिहिणाऱ्यांचा. सिमपाय हे पायथन भाषेतलं असंच गणिताचं साधन, त्याच्या मॅन्युअलमधली उदाहरणं डॉकटेस्ट म्हणून चालवली जातात. पानावर छापलेली आज्ञा मशीन स्वतः चालवतं, आलेलं उत्तर छापलेल्या उत्तराशी ताडून बघतं आणि फरक पडला की ओरडतं. छापील उत्तर साध्या अक्षरांत असेल तरच हे जमतं. स्क्रीनशॉटची अशी तपासणी कोण करणार? नवी आवृत्ती आली, उत्तराची मांडणी बदलली, की चित्र जुनं होतं आणि कुणाला पत्ताही लागत नाही.

दुधना

तेरणा, तपासणीचा मुद्दा मान्य. आमच्याकडे चित्रं जुनी होण्याचा त्रास रोजचाच. पण एका ओळीतलं उत्तर मोठं झालं की माणसाला वाचवत नाही हो. चार मजली अपूर्णांक एका ओळीत घातला तर कुठला कंस कुठे बंद झाला ते बोट ठेवून मोजावं लागतं. गणित डोळ्यानं वाचायचं असतं. मग मशीनच्या सोयीसाठी माणसाला शिक्षा का?

कयाधू

दुधना दादा, "गणित डोळ्यानं वाचायचं असतं" या वाक्यावर थांबले, म्हणून लिहितेय. रागावून नाही.

मी हिंगोलीची. जन्मापासून दिसत नाही. गणित घेऊन पदवी केली, आता नांदेडला नोकरी करते. संगणकावर एनव्हीडीए वापरते, तो पडद्यावरचं वाचून दाखवतो. सरांनी वर टाकलेला टर्मिनलचा अपूर्णांक मला कसा ऐकू आला ते सांगते. आधी "दोन". मग "क्ष अधिक तीन क्ष अधिक एक". मग डॅश. मग "क्ष" आणि "दोन". म्हणजे त्या सात लेकरांनी जे वहीत उतरवलं तेच मला *नेहमी* ऐकू येतं, मोकळ्या जागा शाबूत असल्या तरी. माझा वाचक ओळीनं वाचतो. वरच्या ओळीतला दोन खालच्या क्ष च्या खांद्यावर बसलाय हे त्याला दिसत नाही. ब्रेल डिस्प्लेचंही तेच. साधारणपणे त्यावर एका वेळी एकच ओळ बोटाखाली येते, मग दोन मजल्यांचं गणित चाचपायचं कसं?

स्क्रीनशॉट तर माझ्यासाठी कोरं पान. चित्रामागे मजकूर दिला नसेल तर "ग्राफिक" एवढाच शब्द येतो. पदवीच्या तिसऱ्या वर्षाला एक मॅन्युअल असंच होतं, आज्ञा अक्षरांत आणि उत्तरं सगळी चित्रांत. प्रश्न वाचायचे, आणि उत्तराला मैत्रिणीची वाट बघायची.

तेरणा दादांची एक ओळ मात्र मला स्वच्छ ऐकू आली. कंसांसकट. लांब असली तर थांबत थांबत, अक्षराअक्षरानं ऐकते, पण ती पुरी असते. वेबवर मॅथएमएल (वेबपानात गणित लिहायची भाषा) असेल तर त्याहून छान, कारण त्यात अंश कुठला, छेद कुठला हे आतूनच लिहिलेलं असतं. एनव्हीडीए मॅथकॅट नावाच्या साधनाच्या मदतीनं ते गणितासारखं वाचतो. डब्ल्यूएक्समॅक्सिमात उत्तरावर राइट क्लिक केलं की मॅथएमएल म्हणून कॉपी करता येतं, लाटेक (टेक्सवर उभं असलेलं रूप) म्हणूनही. मॅन्युअल लिहिणाऱ्याला वेगळं काही शिकावं लागत नाही.

एक विनंती, विशेषतः मराठीत लिहिणाऱ्यांना. उत्तर शब्दांत सांगायची वेळ आली तर कंस उच्चारा. "एक छेद क्ष अधिक एक" हे कानाला दोन गोष्टी सांगतं. छेदात नुसता क्ष आहे, की क्ष अधिक एक? शाळेतल्या बाई "कंस सुरू, कंस पूर्ण" म्हणायच्या. तेव्हा वर्गातली मुलं कंटाळायची. मी त्यांच्यामुळे गणित करू शकले.

सिंदफणा

ताई, हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. वाचनखूण साठवली.

गोदातीर

निवृत्त शिक्षक, मुक्काम पैठण. संगणकातलं मला कमी कळतं, पण एका ओळीत बीजगणित लिहिणं आपल्याला नवं नाही एवढं सांगावंसं वाटलं.

भास्कराचार्यांच्या काळी अज्ञात राशीला यावत्-तावत् म्हणत आणि "या" एवढंच लिहीत. दुसरी अज्ञात असली तर कालक म्हणजे "का", तिसरी नीलक म्हणजे "नी". वर्ग असला तर "याव". नुसता अंक असला तर "रू", म्हणजे रूप. आज आपण क्ष वर्ग अधिक पाच क्ष अधिक सहा म्हणतो ते असं लिहिता येई: याव १ या ५ रू ६. वरखाली काही नाही, सगळं एका रेषेत, आणि बोलायलाही येतं. ऋण संख्या असली की अंकाच्या डोक्यावर टिंब. ते टिंब नकलताना गळलं की ऋणाचं धन होई! सरांच्या २ सारखाच तो प्रकार. वर किंवा खाली ठेवलेली खूण नक्कल करताना आधी हरवते.

अपूर्णांक मात्र तेव्हाही अंश वर, छेद खाली असाच मांडत. म्हणजे डोळ्याला दोन मजले हवेत हे दुधना म्हणतात तेही खोटं नाही.

तेरणा

गोदातीर गुरुजी, नमस्कार. त्या टिंबाचं उदाहरण मी जन्मभर वापरणार.

दुधना, "दोन्ही हवं" यावर तोडगा आहे आणि तो जुना आहे. मॅक्सिमाचं मॅन्युअल टेक्सइन्फोत लिहितात. त्यात मूळ फाइल एकच असते. तिच्यातून छापील पुस्तक निघतं, वेबपान निघतं आणि टर्मिनलमध्ये वाचायचं रूपही निघतं. मूळ फाइलमध्येच सांगता येतं की हा तुकडा फक्त छपाईसाठी, तो तुकडा बाकी सगळ्यांसाठी. ऑक्टेव्ह या दुसऱ्या गणिती सॉफ्टवेअरच्या मॅन्युअलमध्ये सूत्रं अशीच दुहेरी लिहिलेली आहेत: छपाईसाठी टेक्समध्ये, इतरांसाठी साध्या अक्षरांत. म्हणजे वापरणाऱ्याला सगळी रूपं एकदम बघावी लागत नाहीत, त्याच्या माध्यमाचं तेवढंच त्याच्यापुढे येतं.

मॅथमॅटिका या गणिती सॉफ्टवेअरनं तर रूपांना नावंच दिली आहेत: इनपुटफॉर्म, आउटपुटफॉर्म, स्टँडर्डफॉर्म, ट्रॅडिशनलफॉर्म. नाव असलं की मॅन्युअलला "हे अमुक रूप आहे" असं सांगता येतं. वाचकाचा गोंधळ बहुतेक वेळा रूपामुळे होत नाही, कुठलं रूप चाललंय ते न सांगितल्यामुळे होतो.

आणि वेबपुरतं सांगायचं तर चित्रांना आता कारणच उरलेलं नाही. मॅथएमएल १९९८ पासून आहे. फायरफॉक्स ते कधीपासून दाखवतं, क्रोमनंही जानेवारी २०२३ च्या १०९ व्या आवृत्तीपासून दाखवायला सुरुवात केली. जुन्या ब्राउझरसाठी मॅथजॅक्स आहे, ते वेबपानातलं गणित स्वतःच मांडून दाखवतं.

दुधना

कयाधू ताई, माझं ते वाक्य चुकलंच. वीस वर्षं मॅन्युअलं लिहितोय आणि ऐकणारा वाचक एकदाही डोळ्यांपुढे आणला नाही. उद्याच आमच्या चालू मॅन्युअलची चित्रं मोजायला बसतो, किती चित्रांमागे मजकूर आहे ते बघतो.

मुद्द्यावर माझी भूमिका आता अशी. ताळा करायला एक ओळ चालेल, फक्त वाचकाला ती ओळ स्वतःच्या पडद्यावर आणता आली पाहिजे. म्हणजे मॅन्युअलच्या पहिल्याच पानावर डिस्प्ले२डी बंद-चालू कसं करायचं ते हवं. पण सर, प्रत्येक उदाहरणाला चारही रूपं (एक ओळ, दुमजली, टेक्स, मॅथएमएल) देऊ नका. चाळीस पानांची एकशेसाठ होतील आणि कुणी वाचणार नाही. सुरुवातीला एकच उत्तर सगळ्या रूपांत दाखवा, मोठ्या अक्षरांत, शेजारी शेजारी. पुढे सगळीकडे एकच रूप धरा आणि ते मोडू नका.

मांजराकाठ (धागाकर्ता)

चार दिवस लिहिता आलं नाही, प्रॅक्टिकल परीक्षा होत्या. सगळे प्रतिसाद दोनदा वाचले.

ठरवलं ते सांगतो. प्रत्येक उदाहरणात आधी आज्ञा, लगेच खाली एका ओळीचं उत्तर. मुख्य उत्तर तेच. ते मी हातानं लिहिणार नाही, मशीनवर चालवून आलेलं जसंच्या तसं चिकटवणार. त्याखाली पुस्तकी मांडणी: छापील प्रतीत टेक्सची, वेबपानावर मॅथएमएल. टर्मिनलचं दुमजली रूप फक्त पहिल्या पानावर, "तुमच्या पडद्यावर असं दिसलं तर घाबरू नका" या मथळ्याखाली, आणि तिथेच चांदणी आणि %ई बद्दलची सिंदफणाची ताकीद. ग्रुपवर पाठवताना दुमजली रूप कधीच नाही. आणि जिथे उत्तर फसवं आहे तिथे शब्दांत एक ओळ.

समाकलनाच्या (इंटिग्रेशनच्या) प्रकरणातला नमुना टाकतोय. कयाधू ताई, जरा ऐकून बघाल का?

आज्ञा: इंटिग्रेट(क्ष*%ई^क्ष, क्ष);
उत्तर: (क्ष-१)*%ई^क्ष
शब्दांत: क्ष वजा एक, गुणिले ई चा क्ष घात.

कयाधू

सर, लगेच ऐकलं. आज्ञा स्वच्छ येते. उत्तराची ओळही. "टक्के ई" असं ऐकू येतं तेही उपयोगाचं आहे, टाइप काय करायचं ते त्यातूनच कळतं.

शब्दांची ओळ मात्र दुरुस्त करा. तुम्ही स्वल्पविराम दिलाय, पण कानाला तो जेमतेम कळतो, आणि मी आवाज वेगात ठेवते तेव्हा अजिबात कळत नाही. मला "क्ष वजा, एक गुणिले ई चा क्ष घात" असंही ऐकू येऊ शकतं. क्ष = १ ठेवून बघा. वरच्या ओळीतून शून्य येतं. शब्दांच्या ओळीवरून मी काढलं तर एक वजा ई.

मांजराकाठ (धागाकर्ता)

ठेवून बघितलं. बरोबर आहे तुमचं. कंस लिहायचा ठरवून मीच गाळला.

शब्दांत: कंस सुरू, क्ष वजा एक, कंस पूर्ण, गुणिले ई चा क्ष घात.

आधीच्या चाळीस पानांतल्या अशा ओळी आज रात्री पुन्हा बघतो. वीसेक असतील. झाल्या की पूर्ण फाइल इथेच टाकतो, ताई, आणि सोमवारी लॅबमध्ये प्रती वाटण्याआधी तुमचा होकार आला तर बरं होईल.

कयाधू

टाका सर. रविवारी सुट्टी आहे, सगळी ऐकते.